डोक्यातला मुकादम

(स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलीतले शब्द बोलले गेले तसेच ठेवले आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिलाय, 'स्पर्धा परीक्षा आणि आत्मविश्वास'. हा आत्मविश्वास शब्द मला आवडत नाही, आधीच सांगून टाकते. पुण्यात ह्या शब्दाचा धंदा चालतो. हॉल भाड्यानं घ्यायचा, एक कोटवाला उभा करायचा, त्यानं दोन तास सांगायचं की आरशासमोर उभं राहा अन् म्हणा, मी जिंकणारच. पोरं टाळ्या वाजवतात. रात्री खोलीवर येतात, पुस्तक उघडतात, अन् अकरा वाजता तो आवाज येतो, 'तुला नाय जमणार.' कोटवाला तोवर दुसऱ्या गावाला पोचलेला असतो.

म्हणून मी आज त्या अकरा वाजताच्या आवाजावर बोलणार आहे.

माझी ओळख संयोजकांनी करून दिलीच. राज्य कर निरीक्षक आहे. तिसऱ्या खेपेला झाले. त्याआधी एकदा पूर्व परीक्षेत गेले, एकदा मुख्य परीक्षेत गेले. 'गेले' म्हणजे काय, ते इथं बसलेल्यांना सांगायला नको. एकेकाळी आपल्या लेखकांनी ज्या सदाशिव पेठेच्या नावानं शिव्या घातल्या, त्याच सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या गल्ल्यांत आज आपली पोरं दोन फुटांच्या टेबलावर डोकं घालून बसलेली असतात. टेबलाला दोन्हीकडं प्लायवूडची भिंत. शेजारच्याचं तोंड दिसत नाही. त्या खोक्यात दिवसाचे दहा-बारा तास तुम्ही अन् तो आवाज, दोघंच.

तर आधी हा आवाज नीट ऐकू या. आपण ऐकत नाही, नुसतं सोसतो. तो कुठल्या भाषेत बोलतो?

मी एकदा कान देऊन ऐकलं. 'तुम्हा लोकांना गणित कशाला पाहिजे? सवलत आहे की.' आता 'तुम्हा लोकांना' असं मी स्वतःला कशी म्हणेन? हे वाक्य माझं नाहीच. हे सहावीतल्या गणिताच्या गुरुजींचं. फळ्यावर व्याजाचं उदाहरण होतं, मी हात वर केला होता, अन् उत्तर ऐकायच्या आधीच गुरुजी हे बोलले होते. वर्ग हसला होता. पंधरा वर्षांनी पुण्याच्या अभ्यासिकेत शेकडेवारीचं गणित अडलं की तेच वाक्य, त्याच हेलात. मी गावातनं निघाले तेव्हा पिशवीत दोन ड्रेस, चटणीचा डबा अन् हे गुरुजी, असं घेऊन निघाले होते.

दुसरा आवाज शुद्ध, गोड. 'आडनाव काय म्हणालात? बरं, मी ह्यांना विचारून कळवते हं.' खोली बघायला गेले होते तेव्हाच्या मालकीणबाई. कळवलं नाही. तो आवाज पुढं निराळ्याच ठिकाणी यायला लागला. मुलाखतीची तयारी करताना कुणी नाव विचारलं की आत कुणीतरी म्हणायचं, 'बरं, कळवते हं.' आणि घसा कोरडा.

तिसरा आवाज बरोबरच्या पोरांचा. चहाच्या टपरीवर, हसत हसत. 'तुला काय टेन्शन, तुमचा कटऑफ खाली असतो.' पेपर तोच, घड्याळ तेच, चुकीच्या उत्तराला कापले जाणारे गुण तेवढेच. पण आपण चहा पीत गप्प राहतो अन् ते वाक्य घेऊन टेबलावर येतो.

ह्या आवाजाची गंमत बघा. नापास झालीस तर म्हणणार, बघ, लायकीच नव्हती. पास झालीस तर म्हणणार, सवलतीनं झालीस. म्हणजे तुम्ही काहीही करा, निकाल एकच. कुठल्याही कोर्टात आरोपीला सुटायला एक तरी वाट असते. हा पुरावा आणला तर निर्दोष, असं काहीतरी असतं. ह्या कोर्टात तसा पुरावाच नाही. नापास हाही पुरावा विरुद्ध, पास हाही पुरावा विरुद्ध. ज्या निवाड्याला उलटा पुरावाच चालत नाही, तो निवाडा नसतो. तो सापळा असतो. हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं, त्या दिवसापासून मी त्या आवाजाशी वाद घालणं बंद केलं. सापळ्याशी कुणी वाद घालतं का?

कुणी म्हणेल, बाई, हे सगळं तुमच्या मनाचे खेळ. तर ऐका. २००४ साली कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे ह्या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत केलेला एक प्रयोग मांडला. सहावी-सातवीची पोरं घेतली. ३२१ वरच्या म्हणवणाऱ्या जातींतली, ३२१ दलित. कागदावर छापलेला भुलभुलैया, त्यातनं पेन्सिलीनं वाट काढायची. जितके सुटतील तितके पैसे. जिथं जात सांगितली नाही तिथं दोन्हीकडची पोरं सारखीच निघाली. काही फरक नाही. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीला एकेका पोराचं नाव, बापाचं नाव, गाव अन् जात मोठ्यानं वाचून दाखवली. झालं. दलित पोरांनी सोडवलेल्या कोड्यांचा आकडा खाली आला. कोडी तीच, पेन्सिल तीच, पोरं त्याच इयत्तांतली. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. नुसती जात उच्चारली.

आपल्या अभ्यासिकेत जात वाचून दाखवायला कुणी उभं नसतं. गरजच नाही. वाचणारा आत बसवून ठेवलाय.

आता ह्या आतल्याला मी काय म्हणते ते सांगते. मी त्याला मुकादम म्हणते.

आम्ही बीड जिल्ह्यातले. आई-बाप ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या सुमाराला निघायचं, उन्हाळा लागला की परत. जायच्या आधी मुकादमाकडनं उचल घ्यायची, ती सहा महिने ऊस तोडून फेडायची. हिशेब शेवटी. वही मुकादमाकडं. एक दिवस आजारी पडलात तर खाडा. पोरगं तापलं म्हणून आई कोपीवर थांबली, खाडा. दवाखान्याला दिलेले पन्नास रुपये लिहिलेले. पहाटे चारला उठून मोळ्या वाहिल्या, रात्री बाराला गाडी भरली, ते मात्र अंदाजे. अन् शेवटी दरसाल अंगावर बाकी. आई म्हणायची, 'एवढं तोडलं तरी फिटंना कसं? आपलंच कुठंतरी चुकत असंल.'

सातवीत असताना मी शंभर पानी वही घेतली अन् वजनाच्या पावत्यांवरनं खेपा मांडायला लागले. तारीख, गाडी, टन. बाकी काही नाही. हंगाम संपला तेव्हा मुकादमाच्या वहीपेक्षा आमच्या वहीत तेरा टन जास्त निघाले. भांडण झालं. सगळं हाती आलं असं नाही, पण अंगावरची बाकी निम्म्यावर आली. अन् आईनं 'आपलंच कुठंतरी चुकत असंल' म्हणायचं सोडलं. तिला कुणी आत्मविश्वासाचं व्याख्यान दिलं नव्हतं. हिशेब दाखवला होता.

डोक्यातला मुकादम अगदी तसाच. त्याच्या वहीत खाडे ठळक. काल नऊ तास बसलात त्याची नोंद नाही. आज दुपारी दोन तास झोप लागली त्याची आहे. साठ प्रश्न बरोबर आले त्याची नाही. ते तर सोपे होते, म्हणतो. चुकलेल्या वीसची तारीखवार नोंद. वही त्याच्याच हातात राहिली तर बाकी अंगावर निघणारच.

म्हणून दुसरी वही ठेवायची. आपली. डाव्या पानावर तो आवाज जे बोलला ते, जसंच्या तसं. तारीख अन् वेळ टाकायची. सुधारून लिहायचं नाही. 'मला थोडं निराश वाटलं' असलं वर्तमानपत्री नको. 'तू ढ आहेस, घरी जा' असं बोलला असेल तर तसंच. उजव्या पानावर घडलं काय ते. फक्त घडलेलं.

एक उदाहरण देते. माझ्या खोलीत एक मुलगी होती, आता ती नोकरीत आहे. एका सराव पेपरानंतर रडत बसली. डाव्या पानावर तिनं लिहिलं, 'तुला राज्यघटना कधीच कळणार नाही.' मी म्हटलं, आता उजवीकडं लिही. राज्यघटनेचे प्रश्न किती? पंधरा. बरोबर नऊ, चूक चार, सोडले दोन. चूक कुठले? तीन अध्यादेशावरचे. राष्ट्रपतींचा अध्यादेश कलम १२३, राज्यपालांचा कलम २१३. ह्या दोन आकड्यांची अदलाबदल झालेली, त्यामुळं एकाला एक लागून तीन गेले. म्हणजे 'कधीच कळणार नाही' हा निवाडा नव्हताच, दोन कलमांची अदलाबदल होती. अर्ध्या तासाचं काम. तिनं तोंड धुतलं अन् ते काम केलं.

महिन्याभरानं अशी वही चाळली की आणखी एक गोष्ट दिसते. माझ्या पहिल्या महिन्यात निम्म्याहून जास्त नोंदी रात्री अकरानंतरच्या होत्या. अन् ज्या दिवशी पैसे वाचवायला मेस चुकवली त्या दिवसांच्या. घरनं पैशाचा फोन आला त्या दिवसांच्या. मी ज्याला माझी लायकी समजत होते तो भाकरीचा प्रश्न होता, झोपेचा होता. त्यावर उपाय लायकी वाढवणं हा नसतो. उपाय म्हणजे जेवणं. अन् रात्री साडेदहानंतर नवं काही न उघडणं, वाचलेलं चाळायचं अन् पडायचं. रात्री अकरानंतर आलेल्या कुठल्याही निवाड्यावर सही करायची नाही, असा मी नियम केला. सकाळी बघू. सकाळी बहुतेक वेळा तो कागदच सापडत नाही.

वहीचं हे मी माझ्या गरजेपोटी सुरू केलं. नंतर वाचनात आलं की २०११ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ अन् बायलॉक ह्यांनी असंच काही मांडलंय. पेपराच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवून काढली, तर जे फार घाबरतात त्यांना गुण बरे पडतात. चला, त्यांनाही पटलं म्हणायचं.

आता एक भानगड आहे. डाव्या पानावरची सगळीच वाक्यं मुकादमाची नसतात. माझ्या वहीत वरचेवर यायचं, 'कशाला जीव जाळून घ्यायलीस माय, सोड ते अन् ये गावाकडं.' हे आईचं. हे तिरस्काराचं नाही, हे काळजीचं. तिनं जळालेले जीव बघितलेत. हिला गुरुजींच्या रांगेत उभी करायची नाही. आईला उत्तर द्यायचं असतं. मी फोन करायचे. 'जेवलीस का' विचारायची, 'जेवले' म्हणायचे, एवढंच. अन् काही वाक्यं निव्वळ खबर असतात. 'इंग्रजी कच्चं आहे तुझं.' असेल. आपल्या शाळेत इंग्रजीला मास्तरच नव्हता. मग रोज एक उतारा. तिथं रागवायचं कारण नाही.

आता परीक्षेच्या हॉलमधलं बोलते, कारण तिथं वही नसते.

गट-ब ची संयुक्त पूर्व परीक्षा. १०० प्रश्न, ६० मिनिटं. एका प्रश्नाला ३६ सेकंद. पहिले दोन-तीन प्रश्न अडले की मुकादम उठतो, 'संपलं. हेही वर्ष गेलं.' त्याला पाच मिनिटं दिलीत तर आठ प्रश्न गेले. साधा भागाकार आहे. त्याच्याशी तिथं भांडायचं नाही, हाकलायचंही नाही. हाकलण्यातही वेळ जातो. बडबडू द्यायचं अन् पुढचा प्रश्न वाचायचा. एसटीत शेजारचा बडबडत असतो, आपण खिडकीबाहेर बघतो, तसं.

अन् त्याचा एक छुपा डाव सांगते. चार पर्यायांतले दोन तुम्ही खोडलेत, दोन उरलेत. मुकादम म्हणतो, 'तुला काय येतंय, सोड. चुकलं तर गुण कापतील.' चुकीला पाव गुण कापतात. असे आठ प्रश्न धरा. सगळे सोडले तर शून्य. सगळे सोडवले, निम्मे बरोबर आले, तर चार मिळाले, एक कापला गेला, तीन हातात. कधी कमी येतील, कधी जास्त. पण भीतीनं आठ गोल कोरे ठेवण्याची किंमत सरासरी तीन गुण आहे, अन् कटऑफला अर्ध्या गुणानं गेलेली माणसं ह्या हॉलमध्ये बसलीत. एकही पर्याय खोडता येत नसेल तर सोडा, तिथं अंदाजात फारसं हाती लागत नाही. पण हे गणितानं ठरवायचं. गुरुजींच्या आवाजानं नाही.

आता थोडं टोचेल असं बोलते.

आपल्या प्रत्येक अभ्यासिकेत बाबासाहेबांचा फोटो असतो. कोट, चष्मा, पुस्तक. जयंतीला आपण अठरा तास अभ्यासाचे उपक्रम करतो. चांगली गोष्ट आहे. पण मुकादम किती बेरकी, तो बाबासाहेबांनासुद्धा आपल्याविरुद्ध वापरतो. 'बाबासाहेब अठरा अठरा तास बसायचे. अन् तू? दहा तासांत मान दुखली?' ज्या माणसानं आपल्या मानेवरचं जू काढलं, त्याचंच नाव घेऊन हा आपली मान खाली घालायला लावतो.

तर उजव्या पानावर घडलेलं लिहू. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. म्हणजे शंभरात साडेसदतीसच्या आसपास. हा आकडा फोटोखाली कुणी लिहीत नाही. लिहायला पाहिजे. संस्कृत शिकायचं होतं, शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली. त्या २८२ मध्ये ती खोली आहे, तो नाकारलेला विषय आहे. पुढं लंडनला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत पाठवला. १९२३ साली दुरुस्त करून पुन्हा दिला, तेव्हा डी.एस्सी. मिळाली. प्रबंध परत आला त्या संध्याकाळी त्यांच्या मनात काय आलं असेल, मी सांगू शकत नाही. त्यांनी केलं काय ते सांगू शकते. दुरुस्त केला.

आणखी एक. हरल्यावर मुकादमाचा आवाज सगळ्यात मोठा असतो, म्हणून आकडे आधीच माहीत असू द्या. २०२४ च्या केंद्रीय नागरी सेवा पूर्व परीक्षेला ५,८३,२१३ जण प्रत्यक्ष बसले. शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची. साधारण पावणेसहाशेंत एक. बाकीचे पाच लाख ब्याऐंशी हजार काय सगळे ढ? जागाच तेवढ्या काढल्यात. जागांची टंचाई सरकारनं करायची अन् तिची लाज आपण रात्री उशीत तोंड खुपसून भोगायची, हा कुठला न्याय?

वहीनं जागा वाढत नाहीत, हेही सांगते, नाहीतर मीही त्या कोटवाल्यासारखीच. त्याला रस्ता लागतो. ११ मार्च २०२१ ला राज्यसेवेची परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढं ढकलल्याची बातमी आली. पुण्यात पोरं खोक्यांतनं उठली अन् शास्त्री रस्त्यावर बसली. मीही होते. १४ तारखेची परीक्षा मग २१ मार्चला झाली. त्या संध्याकाळी मला एक नवलच वाटलं. वर्षभर शेजारच्या टेबलावर बसणारी पोरगी, तिच्याशी मी पहिल्यांदा बोलले. ती म्हणाली, 'मला रोज रात्री वाटतं, आपल्याच्यानं व्हायचं नाही.' मी म्हटलं, 'अकरा वाजता?' ती बघतच राहिली. प्लायवूडच्या एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच मुकादम दोन पोरींना स्वतंत्र हाजरी लावत होता.

म्हणून अभ्यासिकेतल्या चौघाचौघींनी आठवड्यातनं एकदा वह्या एकमेकांसमोर उघडाव्यात असं माझं सांगणं आहे. लाज वाटेल. पहिल्या खेपेला आम्हालाही वाटली. मग दिसलं की चौघींच्या डाव्या पानांवर जवळपास तीच वाक्यं. कुणाचे गुरुजी लातूरचे, कुणाचे परभणीचे, एवढाच फरक. खूप हसलो आम्ही त्या दिवशी.

अन् शेवटची गोष्ट, हळू आवाजात. कधी कधी तो आवाज 'नापास होशील' म्हणत नाही. 'जगून काय करणार' म्हणतो. तसं झालं तर वही काढायची नाही. हिशेब मांडत बसायचं नाही. दार उघडायचं, समोरच्या खोलीतल्या माणसाला उठवायचं, रात्रीचे तीन असोत. म्हणायचं, मला आज एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा. इथंच, माझ्यासमोर. अन् तुमच्या दारावर कुणी असं रात्री तीनला आलं तर 'सकाळी बोलू' म्हणू नका.

घातला? बरं.

रविवारी सकाळी सातला ह्याच हॉलमध्ये सराव पेपर आहे. १०० प्रश्न, ६० मिनिटं, एक मिनिटही वाढवून मिळणार नाही. काळं बॉलपेन आणा. पेपरानंतर अर्धा तास कुणी घरी जायचं नाही, वह्या भरायच्या आहेत. चहा-पोह्याची सोय केली आहे, तेव्हा कृपा करून उपाशीपोटी तरी कुणी बसू नका.